जरा आणि वृद्धी

मराठी साहित्यातील वार्धक्याची जी चित्रे आपण वर्षानुवर्षे शिकलो आणि शिकवली, त्यांच्याकडे अलीकडे मी एका निराळ्या, कदाचित कोत्या वाटेल अशा दृष्टीने पाहू लागले आहे. चित्र काढणाऱ्याचे त्या वेळचे वय काय होते, एवढेच मी प्रथम तपासते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, ज्ञानाची लक्षणे सांगण्याच्या ओघात, म्हातारपणाचे जे वर्णन येते ते मराठीतले बहुधा सर्वांत निष्ठुर वर्णन असावे. अवयवागणिक होणारी पडझड तिथे डोळा न मिटता पाहिली आहे. ग्रंथ शके १२१२चा. कर्त्याच्या जन्मशकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कोणताही शक धरला तरी त्या वेळी त्याचे वय १५ ते १९ यांपलीकडे जात नाही. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले तेव्हा शिरवाडकर ५८ वर्षांचे होते आणि अप्पासाहेब बेलवलकरांना पहिल्यांदा देह देणारे श्रीराम लागू ४३ वर्षांचे. 'संध्याछाया'तले नाना-नानी लिहिणाऱ्या जयवंत दळवींनी तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती.

यात त्यांच्या प्रतिभेला काही उणेपणा येतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. परकायाप्रवेश हाच तर साहित्याचा व्यवसाय. मात्र बाहेरून पाहिलेल्या वार्धक्यात काही गोष्टी ठळक दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत. आपल्या नाटकांना म्हाताऱ्यांवर झालेला अन्याय दिसला, त्यांचे वाट पाहणे दिसले, भोवतालचे रिकामे होत गेलेले घर दिसले. म्हातारपण हा तिथे मुख्यतः नात्यांचा प्रश्न आहे. अप्पासाहेबांच्या गुडघ्यांचा विचार करीत कोणी नाट्यगृहाबाहेर पडत नाही. मी ३१ वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले, त्यांतली अनेक वर्षे 'नटसम्राट' अभ्यासक्रमात होते, आणि विशीतल्या मुलामुलींचे डोळे त्या स्वगतांनी ओलावताना मी पाहिले आहेत. आज वयाच्या ७३व्या वर्षी मला त्या मुलांना आणखी काहीतरी सांगावेसे वाटते, आणि ते स्वगतासारखे भव्य नाही. ते न्हाणीघरातल्या ओल्या फरशीविषयी आहे, कानांविषयी आहे, ब-१२ नावाच्या जीवनसत्त्वाविषयी आहे.

गंमत अशी की या बाबतीत तो पंधरा-एकोणीस वर्षांचा कवीच सर्वांत व्यवहारी निघाला. त्याच्या ज्ञानी पुरुषाला म्हातारपण दिसते ते तारुण्यात, आणि ते दिसल्यावर तो रडत बसत नाही. बहिरेपण येण्याआधी ऐकायचे ते ऐकून घ्यावे, पाय लुळे पडण्याआधी जायचे तिथे जाऊन यावे, असा त्याचा हिशेब आहे. परमार्थाच्या भाषेत सांगितलेले असले तरी हे पूर्वतयारीचे शास्त्र आहे. आपण शिकवताना त्यातल्या दृष्टान्तांवर थांबलो. हिशेबाकडे आपले लक्ष गेले नाही.

शब्दांच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे कोणतीही गोष्ट आधी शब्दांतून चाचपून पाहायची खोड मला आहे. म्हातारपणासाठी संस्कृताने आपल्याला दोन शब्द दिले आणि ते दोन अगदी विरुद्ध धातूंचे आहेत. 'जरा' ही झिजणे, जीर्ण होणे या अर्थाच्या धातूपासून आली. 'वृद्ध' मात्र 'वृध्' म्हणजे वाढणे या धातूचे रूप आहे. ज्याला आपण वृद्ध म्हणतो तो व्युत्पत्तीने 'वाढलेला' माणूस. पगारवाढीची 'वृद्धी' आणि वृद्धाश्रमातला 'वृद्ध' एकाच घरातले. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाग्भटाने एका अंगाला 'जरा' हेच नाव दिले आहे. पुढे आपण 'ज्येष्ठ नागरिक' हा सरकारी शब्द इंग्रजीवरून घडवला. तो सभ्य आहे, रेल्वेच्या अर्जावर शोभतो, पण त्याला झिजण्याचाही गंध नाही आणि वाढण्याचाही. बोलीतले व्यवहार अधिक प्रामाणिक असतात. मंडईत अनेक वर्षे मी 'मावशी' होते. कोणत्या तरी एका पावसाळ्यात, कोणताही समारंभ न होता, 'आजी' झाले. सत्तरीच्या दाखल्याची मला तेवढी जाणीव झाली नव्हती जेवढी त्या एका हाकेने झाली.

असो. मुख्य मुद्दा देहाचा आहे, आणि साहित्याच्या माणसांना देहाविषयी एक सुसंस्कृत तुच्छता असते हे मान्य करूनच पुढे जायला हवे. व्यायाम हे क्रीडाशिक्षकाचे काम, जेवण म्हणजे पुस्तक बाजूला ठेवावे लागण्याचे कारण, चालणे झाले तर ग्रंथालयापर्यंत. माझे एक ज्येष्ठ सहकारी याच पंथाचे होते. अफाट वाचन, टोकदार विनोद, आणि देहाला केवळ मस्तकाचे स्टँड मानण्याची वृत्ती. वयाच्या ७१व्या वर्षी ते न्हाणीघरात पडले, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सहा आठवड्यांत ते वॉकर घेऊन चालू शकत होते. पण चालले नाहीत. पुन्हा पडू या भीतीने ते खुर्चीतून उठेनासे झाले. उठत नाहीत म्हणून मांड्यांतली ताकद गेली. ताकद गेली म्हणून भीती खरी ठरू लागली. आम्ही भेटायला जात असू तेव्हा ते पूर्वीसारखेच बोलत, तात्पर्याने ग्रीक शोकांतिकांकडे वळत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक शोकांतिका घडत होती तिचे त्यांना आणि आम्हालाही भान नव्हते. दीड वर्षात ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया होता. मला विचाराल तर मी पडण्याची भीती लिहिली असती.

ही भीती वैद्यकाला चांगली परिचित आहे. पडलेली माणसेच नव्हे, तर कधीही न पडलेली माणसेही केवळ धास्तीने हालचाल कमी करतात, आणि त्यानेच पडण्याची शक्यता वाढते. तिच्या मुळाशी स्नायूंची झीज असते. तिशीनंतर दर दशकाला साधारणतः शेकडा ३ ते ८ इतका स्नायू आपण गमावतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या झिजेला १९८०च्या दशकाच्या अखेरीस अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन वैद्यकाने 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. ग्रीकमध्ये 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. मांसदारिद्र्य! नाव मिळेपर्यंत तिला आपण नुसते 'वय झाले' असे म्हणत होतो, आणि जे 'वय झाले' या सदरात जाते त्यावर उपाय शोधला जात नाही. समीक्षेत संज्ञेला आपण जे महत्त्व देतो ते इथेही द्यायला हरकत नाही.

उपाय आहे, आणि तो आश्चर्य वाटावे इतका उशिरापर्यंत लागू पडतो. १९९० साली मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये सरासरी नव्वदीच्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या दहा दुबळ्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. जे टिकले त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता. परंतु नव्वदीतला स्नायूसुद्धा शिकवले तर शिकतो, हे त्याने दाखवून दिले. इतक्या उशिरा प्रवेश घेऊन असा निकाल लावणारा विद्यार्थी मी तरी वर्गात पाहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांत ६५ वर्षांवरील माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि तिच्या जोडीला दोन दिवस ताकदीचे व तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. आपल्याकडे यांतले फक्त चालणे रुजले. शनिवारवाड्यापासून अजिंक्यताऱ्यापर्यंत पहाटे जी ज्येष्ठ मंडळी दिसतात ती चालतात, राजकारणावर बोलतात आणि घरी जाऊन पुन्हा खुर्चीत बसतात. ताकद आणि तोल यांना आपल्या कल्पनेतल्या म्हातारपणात जागाच नाही.

मला हे शिकवणारी फिजिओथेरपिस्ट सव्वीस वर्षांची आहे. ती मला 'काकू' म्हणते, बहुधा व्यावसायिक औदार्याने. तिने दिलेला पहिला व्यायाम म्हणजे हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचे आणि बसायचे, दहा वेळा. इतकेच. दुसरा, ओट्याला बोटे टेकवून एका पायावर उभे राहायचे. दूध वर येईपर्यंत मी आता एका पायावर उभी असते. पंढरीचा देव निदान दोन पायांवर तरी उभा आहे. आणि जेवणात डाळ, दही, उसळ यांचे प्रमाण तिने वाढवायला लावले, कारण चहा-खारीवर संध्याकाळ भागवणाऱ्या माझ्या पिढीतल्या शिक्षिकांना प्रथिने कमी पडतात हे तिला पाठ आहे.

जमिनीवर बसणे-उठणे याविषयी मात्र तिला काही सांगावे लागले नाही. ते मी वारीत पाहिले होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण असते. तिथे सत्तरीच्या पुढच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात, विसाव्याला भुईवर बसतात आणि हात न टेकता उठतात. ब्राझीलमधील क्लॉडिओ अराउजो यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जमिनीवर बसण्या-उठण्याची क्षमता आणि पुढील आयुर्मान यांचा संबंध दाखवला होता. तो मी पुष्कळ नंतर वाचला. पण यावरून जुन्या जीवनपद्धतीचे गोडवे गायचा मोह आवरायला हवा. वारीत ज्या चालतात त्या दिसतात. ज्यांचे गुडघे चूल, जाते, डोक्यावरचे हंडे यांनी निकामी केले त्या घरी असतात आणि कोणाच्याही ललित लेखात येत नाहीत.

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाने या विषयावर लिहावे आणि धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेऊ नये, हे अशक्य. मुरूडहून सह्याद्री ओलांडून, भर पावसात, शंभराहून अधिक मैल पायी चालत हा मुलगा परीक्षेला साताऱ्यात आला होता, आणि वयाने लहान दिसतो या कारणाने त्याला परीक्षेला बसू दिले नाही. ही हकिगत त्यांनीच सांगितली आहे. लहान दिसण्यामुळे परत पाठवलेला तो मुलगा पुढे १०४ वर्षे जगला. १९५८ साली भारतरत्न मिळाले तेव्हा त्याने शंभरी गाठलेली होती. यातून 'चाला म्हणजे शंभर वर्षे जगाल' असा बोध काढणे हास्यास्पद होईल. तितकेच चालणारी आणि चाळिशीत गेलेली माणसे त्या काळी घरोघर होती. मला त्या आयुष्यात वेगळेच काही दिसते: त्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, म्हणजे आपल्याकडे निवृत्तीचा निरोपसमारंभ होतो त्या वयाचे.

आता मनाकडे. मनाविषयी लिहिताना माझ्यासारखीला स्वाभाविकपणे पहिली भीती वाटते ती स्मृतीची. जिची सगळी मिळकत पाठ असलेल्या गोष्टींची आहे तिला एखादे नाव आठवेनासे झाले की तिजोरी फुटल्यासारखे वाटते. दोन वर्षांपूर्वी नावे फार निसटू लागली. माणसांची, वनस्पतींची, एकदा तर वर्गात शेकडो वेळा उच्चारलेल्या एका कादंबरीची. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घड्याळाची तबकडी काढायला लावली, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, आणि मग म्हणाले, "एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे सांगता येतील तितकी सांगा." मी पंचतंत्राच्या क्रमाने निघाले: सिंह, बैल, कोल्हे, माकड, बगळा, खेकडा... ते हसू लागले. रक्ततपासणीत ब-१२ फारच कमी निघाले. शाकाहारी माणसांत, आणि वय झाल्यावर शोषण मंदावल्यामुळे आणखीच, ही कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि तिने विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या, उदासी असे सारे काही होऊ शकते. इंजेक्शने झाली. नावे अजूनही निसटतात, पण उशिरा का होईना परत येतात. डॉक्टरांनी सांगितलेला भेद मला मोलाचा वाटतो: चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे, नाव विसरणे वेगळे आणि रोजच्या रस्त्यावरून घरी येण्याची वाट विसरणे वेगळे.

ती दुसरी अवस्था सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३च्या चित्रपटात आहे. संस्कृतचे एक प्रकांड पंडित स्मृती ओसरत जात असताना एका हत्तीच्या मागे निघून जातात, आणि माहुताच्या कुटुंबात त्यांना लहान मुलासारखा आसरा मिळतो. सुरुवातीला मी वयांचा जो हिशेब मांडला त्यात हा सुखद अपवाद. चित्रपट झाला तेव्हा भावे सत्तरीच्या होत्या. त्यात मुलगी दुष्ट नाही, जावई दुष्ट नाही, कोणीच कोणाला घराबाहेर काढीत नाही, आणि तरीही दुःख आहे. 'नटसम्राट'नंतर मराठीला हे सुचायला चाळीस वर्षे लागली, याची आपण समीक्षकांनी पुरेशी दखल घेतली आहे असे मला वाटत नाही.

'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची चौदा टाळता येण्याजोगी कारणे नोंदली. ती सगळी दूर करता आली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टाळता वा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे. यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान हे नेहमीचे मानकरी आहेत. कमी शिक्षण आहे. एकाकीपणा आहे, नैराश्य आहे, उपचार न केलेली मोतीबिंदूसारखी दृष्टिहानी आहे. आणि ठळकपणे आहे तो बहिरेपणा. शब्दकोडी कुठेही नाहीत, हे आमच्या वाचनालयातल्या मित्रांना मी सांगितल्यावर त्यांना फार वाईट वाटले.

बहिरेपणाविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण ते आमच्या घरात घडले.

माझे यजमान ७९ वर्षांचे आहेत. ते गणिताचे शिक्षक. चार-पाच वर्षांपूर्वी ते मंडईतून तणतणत आले: भाजीवाला आधी आठ रुपये म्हणाला आणि पैसे देताना साठ मागू लागला. पुढे असे वरचेवर होऊ लागले. आकड्यांच्या माणसाला आकडेच फसवू लागले तेव्हा आम्ही दोघांनाही त्यांच्या बुद्धीची काळजी वाटू लागली, एकमेकांना न सांगता. श्रवणतज्ज्ञांनी आलेख काढून दाखवला तेव्हा उलगडा झाला. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात आधी जातात ते उच्च कंप्रतेचे ध्वनी. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ यांसारखी व्यंजने गळून पडतात. 'साठ'मधला 'स' गेला की 'आठ' उरतो. म्हणून असा माणूस 'मला ऐकू येते, पण तुम्ही नीट बोलत नाही' असे म्हणतो, आणि ते शब्दशः खरे असते. त्याला भाषेचा फक्त स्वरांश मिळत असतो. अर्थ पुष्कळदा व्यंजनांत असतो. तीस वर्षे वर्णविचार शिकवताना स्वर-व्यंजनांच्या या भेदावर एक संसार टांगलेला असू शकतो, हे कोणत्याही व्याकरणाने मला सांगितले नव्हते.

आलेख निघण्याआधीची दोन वर्षे आमच्या घरात जी शांतता होती तिच्याविषयी लिहिणे अवघड आहे. ते प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणू लागले होते. मुलीचा परदेशातून फोन आला की दोन वाक्ये बोलून माझ्याकडे देत. चारचौघांत नेमके चुकीच्या ठिकाणी हसत, आणि ते लक्षात आल्यावर चारचौघांत जाणेच टाळू लागले. मला वाटे, त्यांना माझ्या बोलण्यात रस उरला नाही. पंचेचाळीस वर्षांच्या सोबतीनंतर असे वाटणे फारसे नवलाचेही नसते, त्यामुळे मी ते कोणाला बोलले नाही. माणूस एकटा पडतो तो घर रिकामे झाल्यावरच, असे आपली नाटके सांगतात. दोन माणसांच्या घरात, समोरासमोर जेवताना, दोघे वेगवेगळे एकटे पडू शकतात.

श्रवणयंत्र घालायला ते राजी झाले त्याचे श्रेय माझ्या वक्तृत्वाला नाही. त्यांनी तो आलेख हातात घेतला, दोन्ही अक्ष नीट वाचले, आणि म्हणाले, "अगं, हे तर लॉगरिदमिक स्केल आहे." त्यांना पटायला तेवढे पुरेसे होते. यंत्र महाग होते, हे लिहायलाच हवे; निवृत्तिवेतनातून ते घेताना आम्हाला विचार करावा लागला, आणि ज्यांना निवृत्तिवेतन नाही त्यांना विचारही करता येत नसणार. शिवाय चष्मा लावला की दिसते तसे यंत्र लावले की ऐकू येत नाही. मेंदूला पुन्हा शिकावे लागते. पहिले काही आठवडे फ्रिजची घरघर, स्वतःच्या चपला, वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज यांनी ते हैराण झाले. अनेकजण इथेच यंत्र काढून कपाटात ठेवतात. आम्ही रोज अर्धा तास समोरासमोर बसून मोठ्याने वाचायचे ठरवले. श्रवणतज्ज्ञांनीच सुचवले होते: ओळखीचा आवाज, सलग मजकूर, शांत खोली.

मी 'स्मृतिचित्रे' काढले. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा लक्ष्मीबाई टिळक ६६ वर्षांच्या होत्या. म्हणजे माझा वयाचा हिशेब इथे पार उलटा होतो. नवऱ्याचे धर्मांतर, वर्षांचा वियोग, मुलांची मरणे एवढे सगळे पचवून साठी ओलांडलेली बाई मागे वळून पाहते, आणि जे लिहिते त्यात स्वतःविषयीची करुणा औषधालाही नाही. हसणे मात्र पानोपानी. मनाच्या आरोग्याची व्याख्या करण्याच्या फंदात मी पडत नाही, पण उदाहरण मागितले तर हे पुस्तक देईन. नियमित पाठांतराने वा वाचनाने स्मृतिभ्रंश टळतो असा दावा मी करणार नाही. वाचणाऱ्या माणसांनाही तो झालेला मी पाहिला आहे. वाचन हे औषध म्हणून घेऊ नये. मोठ्याने वाचताना आम्ही पुन्हा बोलू लागलो, एवढे मला ठाऊक आहे. मध्येच ते थांबवतात, लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाद घालतात, रेव्हरंडांवर चिडतात.

उदासीविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण तीही 'वय झाले' या सदरात सर्वांत सहज लपते. माझी एक मैत्रीण पतीनिधनानंतर वर्षभराने जेवेनाशी झाली, पहाटे तीनला उठून बसू लागली. नातलग म्हणाले, स्वाभाविक आहे. दुःख स्वाभाविक होते. पण वर्षानंतर वाढत चाललेले ते दुसरे काहीतरी स्वाभाविक नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांच्या औषधांनी आणि बोलण्याने तीन-चार महिन्यांत ती पुन्हा भांडू लागली, हे मी सुधारणेचे लक्षण मानते. मैदानावरच्या हास्यक्लबाला मात्र ती मला ओढून नेऊ शकलेली नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत सुरू केलेली ही चळवळ गावोगाव पोचली. ठरवून हसणे माझ्या वाङ्मयीन अभिरुचीला झेपत नाही. पण एक गोष्ट मान्य करते. त्या वर्तुळातला माणूस दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. माझ्या साहित्यिक वर्तुळात तो शोकसभेच्या वेळी जातो.

हे सगळे लिहिताना एक व्यक्ती मला सतत अडवते आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचे नेमके वय त्यांना माहीत नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायला जात, यावरून साठीच्या पलीकडे नक्की. त्यांना मी एकदा रोज चालण्याचे महत्त्व सांगू लागले. त्या म्हणाल्या, "बाई, मग दिवसभर मी काय करते?" चार घरची धुणीभांडी, त्या घरांमधले अंतर, तीन मजले जिने. ताकद, तोल, सहनशक्ती सगळे झाले. गुडघे मात्र उरले नाहीत. आरोग्याचा सर्व उपदेश बसून आयुष्य काढलेल्यांसाठी असतो. मावशींना विश्रांती हवी, आणि विश्रांतीला पैसे लागतात. ६५ वर्षे पुरी झाल्याचा दाखला मिळाला तर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये त्यांना मिळू शकतील; खांद्यावर कावड घेतलेल्या त्या मुलाचे नाव सरकारने योजनेला दिले, यातली काव्यात्मता मला दिसते, रक्कमही दिसते. राज्य परिवहनाने २०२२ साली ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि २०२३पासून बायकांना अर्धे तिकीट. मावशी त्या अर्ध्या तिकिटावर माण तालुक्यातल्या बहिणीकडे महिन्यातून एकदा जाऊन येतात. त्या दोन दिवसांनंतर त्यांचे गुडघे कमी दुखतात असे त्या सांगतात. मी यावर वैद्यकीय शंका काढीत नाही. दाखल्यासाठी तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत, शाळेचा जुना पट असे हेलपाटे आम्ही दोघी सध्या घालतो आहोत. शाळेत त्या दीड वर्षच होत्या, पण पटावर नाव सापडेल अशी आशा आहे.

संध्याकाळच्या वाचनाची वेळ आणि त्यांची भांडी आवरण्याची वेळ एकच. पहिल्या भागात त्या स्वयंपाकघरातून ऐकत. भांड्यांचा आवाज यजमानांच्या यंत्रात शिरतो म्हणून त्यांनी एकदा तक्रार केली, तेव्हापासून मावशी नळ बंद करून दाराशी खुर्ची ओढून बसतात आणि भांडी मागाहून घासतात. आता तिसरा भाग चालू आहे. काल मी चष्मा पुसायला थांबले, तर त्या दोघांनी एकदमच विचारले, "पुढे?"